शेडला बाहेरून कुलूप

मंगळवार संध्याकाळ, दिंडोरी

आमच्या द्राक्षबागेत छाटणीला सुरगाण्याकडच्या बाया आल्यात. काम सुटलं की त्यांच्या शेडला बाहेरून कुलूप लागतं. का? मुकादमाला विचारलं तर हसला. "बिबट्या फिरतो ना वहिनी, म्हणून." बिबट्यासाठी कडी आतून लावतात! मला काय खुळी समजतो?

एकीला म्हटलं, चल माझ्याबरोबर बाजारात. तिनं आधी मुकादमाकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाय जमायचं, बाई."

बचत गटात पोलीस मॅडम सांगून गेल्या होत्या, माणसांना कोंडून, धाकात ठेवून राबवणं हीसुद्धा मानवी तस्करीच. कायद्यात राबवून घेणाराही सुटत नाही. दुपारी जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मजूर मुकादमाचे. आपला काय संबंध?" आणि ताक मागितलं.

संशय मुकादमावरच होता माझा. पण मघाशी ट्रॅक्टरची किल्ली अडकवायला गेले, तर आमच्याच खुंटीला एक नवीकोरी किल्ली. मुकादम तर कधी उंबऱ्याच्या आत येत नाही. मग ती कुणी ठेवली? तशीच शेडवर गेले, लावून पाहिली. कुलूप उघडलं.

दार सताड उघडं, तरी एकही बाई बाहेर आली नाही. सगळ्या भिंतीला चिकटून माझ्याकडे बघत राहिल्या. बिबट्याकडे बघावं तशा.