फिडेलियामावशीचा बूट

प्रिय वेंडल,

तुझा पत्ता तुझ्या भाचीकडून मिळवला. क्लीव्हलंडला जाऊन तुला पन्नासाहून जास्त वर्षं झाली आणि मी पहिलं पत्र आत्ता लिहितोय, तेव्हा हव्या तेवढ्या शिव्या दे. माझी बायको लोरेटा जानेवारीत गेली. घरात माझ्याशी आपल्या सेनेका भाषेत बोलणारी तीच एक होती. आता मी काही बोललो की कुत्रा तेवढा मान वर करतो.

परवा नात, जोली, शाळेतून झाडांच्या चित्रांचा तक्ता घेऊन आली. मेपल, हेमलॉक, बर्च, सगळ्यांची आपल्या भाषेतली नावं तिने घडाघडा म्हणून दाखवली. मला भरून आलं. मग दलदलीत बर्फातून वर येणाऱ्या त्या कुबट रोपावर बोट ठेवून म्हणाली, "आणि हा फिडेलियामावशीचा बूट." मी विचारलं, "हे कोणी शिकवलं गं?" तर म्हणते, "पुस्तकातच आहे, आजोबा. जुन्या लोकांनी सांगितलंय."

जुने लोक म्हणजे तू नि मी, वेंडल. सतरा वर्षांचे. धरणाचं पाणी चढायच्या आधी झाडांची नावं टिपत फिरणारी ती वहीवाली बाई आठवते? आपणच तिला नदीकाठी नेलं होतं. त्या रोपाचा वास घेऊन तू गंभीर चेहऱ्याने त्याचं नाव म्हणून तुझ्या मावशीचा बूट सांगितलास, मी मान डोलावली, आणि तिने "किती सुंदर" म्हणत लिहून घेतलं. घरापर्यंत हसत गेलो होतो आपण. पुढे धरणासाठी सरकारने आपली घरं जाळली, दलदल पाण्याखाली गेली. वही तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी कबूल केलं. शिकवणारी मुलगी पंचविशीची, गुणाची. ती हसली नाही की रागावली नाही. पेन उघडून म्हणाली, "मग खरं नाव सांगा, आजच बदलते." मी तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. आजी नैवेद्यासारखी तंबाखू ठेवून त्या रोपाशी बोलायची ना, तिचे ओठ हलताना दिसतात, आवाज येत नाही. "आठवून सांगतो," म्हटलं आणि निघालो.

इथे विचारायला आता कोणी उरलं नाही, म्हणून तुला लिहिलं. नाव पत्रातून पाठवू नकोस, वाचून मला उच्चार कळायचा नाही. फोन कर, नंबर पाकिटावर लिहिलाय. आठवत नसेल तरी कर. आपल्या भाषेत दुसरं काहीही बोल, मी ऐकत राहीन.

तुझाच,
एमरी