डाव्या दिव्याचं किरकोळ काम

४ नोव्हेंबर, सोमवार

गाडीचा डावा हेडलाइट गेला. काल हॉस्पिटलमधून परत येताना समोरच्या ट्रकवाल्याने हॉर्न मारमारून सांगितलं. सासूबाईंना तिथे ठेवून आज नऊ दिवस. भेटायची वेळ संध्याकाळी सहा ते सात, अंतर चाळीस किलोमीटर, म्हणजे येताना अंधारच. (काल मी पार्किंगमध्येच थांबलो. वॉर्डातल्या वासाने मला गरगरतं. शिवाय गाडीजवळ कोणीतरी हवं.)

ही म्हणाली, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखवू. मला हसूच आलं. एक बल्ब बदलायला मेकॅनिक! अर्ध्या तासाचं काम. उद्या मी स्वतः करणार. तोवर गाडी बंद. एका दिव्यावर बायकोला घेऊन जाण्याइतका मी बेजबाबदार नाही.

५ नोव्हेंबर

मॅन्युअल काढलं. सुरुवातीची पानं ('आधी फ्यूज तपासा' वगैरे) नवशिक्यांसाठी आहेत. वगळली. नवा बल्ब आणून बसवला. डावा दिवा तरी लागेना.

तासाभराने उलगडा झाला. मी गाडीसमोर तोंड करून उभा होतो, त्यामुळे माझं डावं ते गाडीचं उजवं. म्हणजे मी चांगला चालू बल्ब काढून तिथे नवा घातला. याला चूक म्हणता येणार नाही. उजवी बाजू पक्की झाली.

सव्वापाचला ही ऑफिसातून धावत आली, डबा भरून दारात उभी. म्हटलं, उद्या नक्की.

६ नोव्हेंबर

उजवीकडचा काढलेला बल्ब डावीकडे लावला. नाही लागला. म्हणजे दोष खोलवरचा आहे. मला पहिल्यापासून वाटतच होतं.

ही बसने गेली. दोन बस बदलून सात वाजून दहा मिनिटांनी पोचली. वॉचमनने आत सोडलं नाही. डबा तसाच परत. मी समजावलं की हॉस्पिटल म्हटलं की शिस्त आलीच. ती न जेवता झोपली. डबा मी संपवला, अन्न वाया घालवू नये.

७ नोव्हेंबर

उजवा दिवाही गेला! नवाकोरा बल्ब, दोन दिवसांत! दुकानदाराला फोनवर झापलं. तो म्हणे, काचेला तेलकट बोट लागलं की हे बल्ब उडतात. ग्राहकावर ढकलून मोकळे. बसवताना माझ्या हातात टोस्ट होता हे खरं, पण बटर अगदी नावाला होतं.

हिच्या साहेबाने लवकर सोडलं नाही. ही टॅक्सी करते म्हणाली. घरात स्वतःची गाडी असताना? उद्या होतेच आहे, म्हटलं. ही बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत बसली. मग टॅक्सीचा विषय निघाला नाही. हिला पटलं असावं.

सव्वासहाला सासूबाईंचा फोन आला. जावईबापू, गाडी झाली का? या वयात यंत्रांचं एवढं कुतूहल, कौतुक वाटलं. वायरिंग कसं चालतं ते दहा मिनिटं नीट समजावून सांगितलं. मध्येच नर्सने फोन काढून घेतला. त्यांना धाप लागते म्हणाली.

८ नोव्हेंबर

रजा टाकली. बंपर उतरवला. दोन्ही हेडलाइट डायनिंग टेबलावर. स्क्रू अकरा निघाले, मॅन्युअलमध्ये चौदा लिहिलेत. छापणारे काहीही छापतात. एका दिव्याचा प्लास्टिकचा कान तुटला. शोभेचाच होता.

मेकॅनिक आपणहून आला. हिने फोन केला असणार. म्हणाला, साहेब, दहा मिनिटं द्या. चहा पाजून वाटेला लावला. माणसाला थोडा स्वाभिमान हवा.

उद्या शनिवार, हिला सुट्टी. दुपारच्या बसने निघाली तर सहाच्या आत पोचेल. मी म्हणतोच, घाई केली नाही की मार्ग निघतो.

९ नोव्हेंबर, शनिवार

सासूबाई पहाटे गेल्या.

दिवसा जायचं तर दिव्यांची गरज नव्हती, हा विचार मला लगेच सुचला. पण गाडी सुरू होईना. काल किल्ली फिरवलेलीच राहिली होती, बॅटरी पार उतरली. हिने मला न विचारता मेकॅनिकला बोलावलं. त्याने त्याच्या गाडीवरून करंट दिला. मग स्टिअरिंगखालचं झाकण उघडून नखाएवढा फ्यूज बदलला, उजवीकडे मी डावीकडून काढलेला जुना बल्ब घातला, दिवे जागेवर ठेवले, बंपर दोरीने आवळला. दोन्ही दिवे लागले. वीस मिनिटं. मी घड्याळ लावून बघत होतो.

वहिनी, डावा बल्ब गेलाच नव्हता, तो म्हणाला. मला नाही, हिला.

हॉस्पिटलमध्ये नर्स सांगत होती, आजी रोज साडेपाचला उठवून बसवायला लावायच्या. केस विंचरून घ्यायच्या. सातची घंटा झाली की मग आडव्या व्हायच्या. मी म्हटलं, वेळेच्या फार पक्क्या होत्या. ही खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

१० नोव्हेंबर

नातेवाईक आले होते. हिच्या मामांना फ्यूज हा प्रकार किती फसवा असतो ते सांगत होतो. ते उठून दुसऱ्या खुर्चीवर बसले. वयामुळे एका जागी बसवत नसेल.

१५ नोव्हेंबर

बंपर व्यवस्थित बसवला. तुटलेला कान चिकटवला. हिला खाली येऊन बघ म्हटलं, आली नाही.

संध्याकाळी मी नट आवळायचे पाने पुसत बसलो होतो. ही समोर येऊन बसली. म्हणाली, तुम्हाला यायचंच नव्हतं ना? मी म्हटलं, अगं, या मॉडेलमध्ये डावा फ्यूज वेगळा असतो, कोणाच्याही... ती म्हणाली, मी दिव्याचं विचारत नाहीये.

ती बसून राहिली. मी पुसलेला पानाच पुन्हा पुसत राहिलो. अंधार पडल्यावर ती उठून आत गेली. मी उत्तर दिलं नाही.

इथेही लिहीत नाही.