मागच्या डब्याची घंटा

सोमवार, ४
नोकरी लागली, तीही नवरा-बायकोला एकाच ठिकाणी! धुलाई कंपनीची एक गाडी ही चालवणार, सगळ्या गाड्यांचं वायरिंग मी बघणार. आता घरची भांडणं कामावरही नेता येतील, असं ही म्हणाली. गाडी म्हणजे पुढे केबिन आणि मागे पत्र्याचा बंद डबा. डब्यात कपड्यांच्या ट्रॉल्या आणि एक हमाल. दार फक्त बाहेरून उघडतं. हमालाला गाडी थांबवायची असली की त्याने बटण दाबायचं, केबिनमध्ये घंटा वाजते. गाड्या रस्त्यात बंद पडता कामा नयेत, बाकी तुमचं राज्य, असं फोरमन म्हणाले. मी खूश आहे.

बुधवार, ६
बॅटऱ्यांची गंजलेली टोकं घासली, सैल अर्थिंग आवळलं. एकही गाडी बंद पडली नाही. फक्त हिच्या गाडीची घंटा डबा रिकामा असतानाही वाजते. हमाल येता-जाता उगाच बटण दाबतात, म्हणून बाकीचे ड्रायव्हर घंटेकडे ढुंकूनही बघत नाहीत. ही मात्र दर वेळी थांबते, उतरून दार उघडून बघते. उशीर होतो. फोरमन हिच्यावर डाफरतात.

शुक्रवार, ८
बॅटरी काढून ठेवली. तरी वाजली.
फोरमननी आधी उडवाउडवी केली, मग सांगितलं. आधीचा वायरमन दुसऱ्या एका गाडीच्या डब्यात बसून तपासणी करत होता. आत आग लागली. तो बटण दाबत राहिला. ड्रायव्हरला वाटलं, नेहमीचंच; तो थांबलाच नाही. त्या गाडीची उरलेली वायर टाकून देववेना, म्हणून हिच्या गाडीत घातली.
मला काहीच वाटलं नाही. घरी येऊन जेवलो.

शनिवार, ९
हिला शेवटची ताकीद मिळाली. पुन्हा उगाच थांबलात तर घरी बसा.
डॅशबोर्डखालची घंटाच काढली, टूलबॉक्समध्ये टाकली. हिला म्हटलं, दुरुस्त झाली. आता वाजली तरच थांब.
ही निवांत झोपली.

सोमवार, ११
हिच्या गाडीत, डब्यात. ती जुनी वायर तापते, चालत्या गाडीत बघतोय. फोन केबिनमध्ये चार्जिंगला.

जळका वास.

ट्रॉल्यांमागे धूर. पत्रा बडवतोय — या खडखडाटात हिला काय ऐकू —

मीच सांगितलंय, वाजली तरच —

बटणाकडे हात नेला. ते आधीच दाबलेलं आहे. कुणीतरी दाबून धरलंय —

घंटा वाजतेय. केबिनमध्ये नाही. इथे. माझ्या टूलबॉक्समध्ये —

ही थांबत ना