सौ.ने आणलेला फिल्टर

सोमवार, ८ एप्रिल १९६३

आज ट्रॅक्टर सुरू झाला एकदाचा! डिझेलचा फिल्टर पार चोंदला होता, म्हणून आठ दिवस अंगणात उभा होता आणि नांगरट अडली होती. नवा फिल्टर मुंबईहून येणार, त्याची किंमत ऐकून मी अमरावतीच्या दुकानातून तसाच परतलो होतो.

आज सौ. बहिणीकडे अकोटला गेली. मला न सांगता जुना फिल्टर भाजीच्या पिशवीत घालून घेऊन गेली. तिथल्या ट्रकच्या मिस्त्रींनी मापं जुळवून पाहिली, तर एका ट्रकचा फिल्टर अगदी बरोबर निघाला. निम्म्याहून कमी किमतीत!

पिशवीला डिझेलचा वास लागलाय. तिला त्याचं काही नाही.

"मले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी म्हटलं असतं, हे बाईमाणसाचं काम नोहे."

म्हटलं असतं का मी? असतंच. इथे खोटं कशाला लिहू? आणि ती भाजीची पिशवी! मला हसूच येत राहिलं.

संध्याकाळी ट्रॅक्टर धडधडत वावरात नेला तेव्हा ती धुऱ्यावर, बांधाच्या कडेला उभी होती. शेजारच्या वावरातले लोक पाहत होते. तरी मी म्हटलं, "ये, बस वरते."

तिने पदर खोचला, मडगार्डवर चढून बसली आणि म्हणाली, "आता हळू नका चालवू."