हॉलिसभावजी, बास आणि नव्वद पौंडांची अट

मी, वेल्डा टिडमोर, वय एकोणऐंशी, राहणार हेल परगणा, अलाबामा, निवृत्त शाळाबस चालक, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. धाकटे दीर हॉलिस यांना ते मान्य नाही.

१. घर व बचत मुलगी रोन्डा हिला. होडी गळते; ती हवी त्याने न्यावी.

२. तीन एकरांच्या तळ्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. माझे पती ड्युरवर्ड वारले तेव्हा तळ्यात बास मासे उदंड होते, पण सगळे दहा इंची. डोके मोठे आणि अंग पट्ट्यासारखे. कारण, गळाला लागलेला प्रत्येक बास हॉलिस मुका घेऊन परत सोडत. बासांचे खाणे म्हणजे ब्लूगिल माशांची पिल्ले. ती इतक्या तोंडांना पुरणार कुठून? मत्स्यखात्याच्या बाईंनी जाळे ओढून पाहिले. म्हणाल्या, "जेवणारे फार झालेत आणि वाढायला काही नाही. दरवर्षी एकरी तीस पौंड लहान बास काढा."

मी काढले आणि चर्चच्या जेवणात तळून वाढले. हॉलिस भरल्या ताटावरून उठले. "वहिनी, तुम्ही खुनी आहात!"

मग सहा वर्षे मी बास काढत राहिले आणि आमच्यात अबोला. त्यांचे घर समोरच्याच काठावर, त्यामुळे तो रोज पाळावा लागे.

गेल्या एप्रिलात दार वाजले. कोपरापर्यंत भिजलेले हॉलिस, पुढ्यात पाण्याने भरलेला टब.

"वहिनी, वजनकाटा आहे का?"

टबातला बास भरला नऊ पौंड दोन औंस.

"हा आपल्या तळ्यातला?" मी विचारले.

"मग काय चर्चमधला?"

त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मी कांदा चिरत होते. एवढा मोठा मासा सोडायचाच असतो. टब दोघांनी धरून तळ्यावर नेला.

३. सबब तळे हॉलिस यांना. अट अशी की दरवर्षी नव्वद पौंड लहान बास काढावेत व त्यांतला निदान एक स्वतः खावा. अट मोडल्यास तळे रोन्डाला. ती ते बुजवून घोडे पाळणार आहे, असे तिने मला तोंडावर सांगितले आहे.

हे कलम मी त्यांना वाचून दाखवले.

"केवढा खायचा?"

"बारा इंचांच्या आतला, भावजी."

"डोळे मिटून खाल्ला तर चालेल?"

"चालेल."

"मग पहिला तुम्हीच तळून द्या. तुम्ही मेल्यावर कोण देणार?"

तेल तापत ठेवले आहे, म्हणून इथेच सही करते.

वेल्डा टिडमोर
हेल परगणा, ९ मे २०१४

आम्हा दोघांदेखत सही झाली. हॉलिस यांनी तीन खाल्ले.

साक्षीदार: ऑर्विल मॅकेल्रॉय, जुनेट फिकलिंग