अंधकेतू, गोत्र काश्यप

मी, अनिरुद्ध विनायक धर्माधिकारी, वय सत्तावन्न, धंदा भिक्षुकी, राहणार कुरुंदा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली, कोणाच्याही दबावाखाली नव्हे तर स्वतःच्याच रागात हे मृत्युपत्र करीत आहे. रागात बुद्धी जाते म्हणतात. माझी जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. माझे राहते घर, टीव्हीसह, पुतणी गुंजन हिला द्यावे. पत्नी प्रेमा गेल्यावर याच टीव्हीवर आम्ही काका-पुतणी एक कार्टून मालिका पाहत असू. तिच्यातला खलनायक अंधकेतू राजधानीचे दिवे चोरत असे, कारण त्याच्या गावात दिवा कधी लागलाच नव्हता. भारनियमनात जन्म काढलेल्याला यावर भाष्य लागत नाही. शेवटच्या भागात तो दिवे परत द्यायला आला. नायकाने पाठीमागून वार केला, आणि वर ढोल वाजवले! त्या नायकाचा माझा निषेध मरणोत्तरही चालू समजावा.

२. सर्वपित्री अमावास्येला, ज्यांना कोणी नाही त्यांनाही पाणी देतात. गुंजन म्हणाली, "काका, त्याला तरी कोण आहे?" मी ओंजळ सोडली. गोत्र ठाऊक नसले की काश्यप म्हणतात, तसे म्हटले.

धाकटा भाऊ राधाकृष्ण भरल्या पानावरून उठला. "दादा, चित्रातल्या राक्षसाला पाणी देऊन राहिलास? पितर काहून येतील मग?"

"बस, वडे निवतील."

"तुला लेकरू न्हाई. उद्या माझ्याच हातचं पाणी लागणार आहे. माफी माग, न्हाई तर त्यालाच बोलाव अग्नी द्यायला!"

माझी चेष्टा त्याने पार डोंगरकडा गावापर्यंत पोचवली, ती सोडून देतो. पण ते जेवण प्रेमाच्याही नावचे होते. त्यावरून तो उठला, हे सोडणार नाही.

३. सबब राधाकृष्णाने माझ्या देहाला हात लावू नये. अग्नी गुंजनने द्यावा. मुलीला अधिकार नाही असे कोणी म्हटल्यास शास्त्रार्थ करू नये. तो माझा प्रांत. तिने सरळ पुढे व्हावे.

४. माझे सोवळे राधाकृष्णाला द्यावे. त्याला फार लागते.

५. दर सर्वपित्रीला गुंजनने तिघांना पाणी द्यावे: प्रेमाला, मला, अंधकेतूला. राधाकृष्ण आल्यास त्याला पान वाढावे, वडे गरम असावेत. मात्र तिसरी ओंजळ सुटण्याआधी वाढू नये.

स्थळ: कुरुंदा. दिनांक: ४ ऑक्टोबर २०२५.
(सही) अनिरुद्ध विनायक धर्माधिकारी

साक्षीदार:
१. दगडोबा मुंजाजी दळवी. मालिका पाहिली नाही, सही करताना पाहिले.
२. गोजरबाई किसन इंगोले, शेजारीण. म्या पाहिला त्यो भाग. पाठीत न्हाई मारायचं कुणाला.