रोज भिंतीपाशी

आई, तुमच्या हातांचे मुके.

सोफियात मी बरी आहे, वेळेवर जेवते. गुडघे कसे आहेत?

इथला कॉम्प्युटर चौकांतल्या कॅमेऱ्यांची चित्रं चाळून रोज तेच ते घडणारं वेगळं काढतो. ते काय आहे, हे मी लिहायचं. काल आपल्या गावचा चौक आला. एक म्हातारी सलग त्रेपन्न दिवस रोज भिंतीपाशी थांबून हात फिरवत होती.

साहेब म्हणाले, "संशयास्पद लिही, रायना. रोज भिंत काय चाचपते ही?"

मी म्हटलं, "लेकाचा गाल."

गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाही म्हणाला होतात ना?

माझ्या ल्युबेनच्या निधनाचा, फोटोसकट भिंतीवर चिकटवलेला तो कागद दिसू नये म्हणूनच मी इथे पळून आले, आई. त्याला जाऊन सहा महिने झाले की लावायचा नवा कागद रविवारी घेऊन येते. दोघी मिळून चिकटवू.

तुमचीच,
रायना